मन बसलेलं, अंग धावतंय: ही तगमग डिप्रेशनची की हायपोमॅनियाची?

अर्धी_झोप लिहिते:

बायपोलर टूचं, म्हणजे डिप्रेशन आणि हायपोमॅनिया दोन्ही येणाऱ्या आजाराचं, निदान होऊन सहा वर्षं झाली. मूड स्थिर ठेवणारी लॅमोट्रिजिन ही गोळी २०० मिलिग्रॅम चालू आहे, एकही दिवस चुकत नाही. डिप्रेशन कसं येतं ते मला पाठ आहे. अंग शिशासारखं जड होतं, दहा-अकरा तास झोपूनही उठवत नाही, फोन वाजला तरी उचलावासा वाटत नाही. हायपोमॅनियाही ओळखते. झोप कमी, उत्साह भरपूर, सगळं जमेल असं वाटतं. या वेळचं मात्र धड इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही.

गेल्या मंगळवारचं सांगते. रात्री साडेतीनला टक्क जाग आली. छातीत इतकं दुःख दाटलेलं की श्वास घेताना हुंदका यायचा, पण पडून राहवेना. उठले आणि कपड्यांचं अख्खं कपाट जमिनीवर रिकामं केलं. वाटलं, आत्ताच्या आत्ता लावून टाकू. अर्ध्या तासात त्या ढिगात बसून रडत होते आणि रडता रडता हात घड्या घालतच होते. थांबता येईना. सकाळी नवऱ्याने तो ढीग पाहिला. ढीग अजून तसाच आहे.

डोक्यात एक विचार संपायच्या आत दुसरा येतो आणि प्रत्येक विचार वाईटच असतो. मुलगी अभ्यास करताना पेन्सिल टेबलावर आपटते, त्या टकटकीने तळपायाची आग मस्तकात जाते. परवा मी तिच्या हातातून पेन्सिल हिसकावली. तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑफिसात एका दिवसात सगळी तुंबलेली कामं उपसली आणि रात्री पावणेबाराला साहेबांना पानभर मेल पाठवला. आता तो वाचताना अंगावर काटा येतो.

पाच आठवड्यांपूर्वी मन फार खचलं होतं. माझे नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी होते, म्हणून दुसऱ्यांना दाखवलं. त्यांनी एस्सिटालोप्रॅम हे अँटीडिप्रेसंट सुरू केलं, आधी ५ मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी १०. हे सगळं त्यानंतर तीनेक आठवडे चाललंय, रात्रीची झोप चार-साडेचार तासांवर आलीय. नवरा म्हणतो, "तू तर सगळी कामं करतेयस, मग बरीच आहेस की." तो काळजीनेच म्हणतो, पण ते ऐकून मी आणखी एकटी पडते.

नेहमीच्या डॉक्टरांची वेळ अकरा दिवसांनी आहे. मॅनिया, म्हणजे हायपोमॅनियाचं तीव्र रूप, नाही, दवाखान्यात दाखल करावं असंही काही नाही. इतकं सौम्य असेल तर अकरा दिवस अंगावर काढू का? आणि तोवर काय करू? डिप्रेशनमध्ये आपण स्वतःला ढकलून कामाला लावतो आणि हायपोमॅनियात स्वतःला आवरतो. या अवस्थेत काय करायचं असतं?

---

सकाळचा_गजर:

ताई, आधी दोन गोष्टी, बाकीचं नंतर.

डॉक्टरांना आजच फोन करा, अकरा दिवस थांबू नका. अँटीडिप्रेसंट सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर झोप तुटली, चिडचिड आणि अस्वस्थता वाढली, हे बायपोलर असलेल्या माणसाच्या डॉक्टरांना तातडीने कळायला हवं. रिसेप्शनवर "बरं वाटत नाही" म्हणू नका, त्यावर पुढची तारीख मिळते. असं सांगा: "मला बायपोलर आहे, नवी गोळी सुरू झाल्यापासून मी चार-साडेचार तासच झोपतेय आणि अस्वस्थता वाढतेय." गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यानेही चक्कर, मळमळ, बेचैनी होते आणि मग कशाचं काय ते कुणालाच कळत नाही.

दुसरं. मरणाचे विचार येतायत का? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून विचारते. मिश्र अवस्थेत मन डिप्रेशनचं असतं आणि अंगात ताकद हायपोमॅनियाची, म्हणून ही अवस्था बाकी दोन्हींपेक्षा जास्त जपायची. विचार येत असतील तर आज रात्रीच नवऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगा. मनात बेत आखला जात असेल तर फोनची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत जा किंवा तुमच्याकडच्या हेल्पलाइनला फोन लावा.

---

अर्धी_झोप:

ताई, विचारलंत म्हणून सांगते. "मी नसते तर बरं झालं असतं" असं दिवसातून बऱ्याचदा येतं. बेत वगैरे नाही. हे आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज नवऱ्याला सांगेन. फोन सकाळी करते.

---

चौदा_वह्या:

मला बायपोलर वन, म्हणजे ज्यात पुरता मॅनिया येतो तो प्रकार, निदानाला चौदा वर्षं झाली. दर वर्षी एक वही भरतो, त्यावरून हे नाव घेतलंय. माझे मॅनियाचे एपिसोड दोनच. खरा त्रास दिलाय तो तुम्ही लिहिलंय त्या अवस्थेने, म्हणून जरा लांब लिहितोय.

पहिल्या पाच वह्यांत मी रोज एकच आकडा लिहायचो, मूडचा. ० म्हणजे तळ, १० म्हणजे आभाळ. मूड ३ आला की मी ते डिप्रेशन समजायचो आणि डिप्रेशनवरचे उपाय सुरू करायचो. पहाटे उठून व्यायाम, रिकामं बसायचं नाही म्हणून अंगावर जास्त काम, लोकांत मिसळायचं म्हणून रोज संध्याकाळी कुणाकडे तरी जाणं. साध्या डिप्रेशनमध्ये यातलं पुष्कळसं मला उपयोगी पडतं. या अवस्थेत मात्र ते आगीत तेल ओतणं ठरलं. सहाव्या वर्षी असंच स्वतःला ढकलत ढकलत तीन आठवडे गेले आणि एका पहाटे चार वाजता मी नोकरीचा राजीनामा पाठवून दिला. रडत पाठवला. त्या दिवशीच्या पानावर फक्त "मूड २" लिहिलंय. नंतर ते पान माझ्या डॉक्टरांनी बघितलं आणि विचारलं, "मूड २ असलेला माणूस पहाटे चारला उठून तीन पानांचं पत्र लिहितो कसा?"

तेव्हापासून दोन रकाने करतो, मूड आणि वेग. वेग म्हणजे अंगात आणि डोक्यात मिळून किती वारं भरलंय ते. साध्या डिप्रेशनच्या दिवशी माझ्या वहीत मूड ३, वेग २ असतो. छान चाललेल्या हायपोमॅनियात मूड ८, वेग ८. आणि तगमगीच्या दिवशी मूड ३, वेग ८. तुमच्या कपाटाच्या रात्रीला मी डोळे झाकून हेच आकडे दिले असते. दोन्ही आकडे एकमेकांबरोबर चढत-उतरत असतील तर नेहमीचंच चाललंय. त्यांची फारकत झाली की सावध व्हायचं.

वेगाचा आकडा काढायला मी मनाला विचारत नाही, कारण मन खोटी साक्ष देतं. बाहेरच्या खुणा बघतो. रात्री किती तास झोपलो. जेवताना मध्येच किती वेळा उठलो. समोरच्याचं वाक्य किती वेळा तोडलं. आणि दात घासताना घरभर फिरतोय की बेसिनपाशी उभा आहे. शेवटची खूण माझ्या बहिणीच्या लक्षात आली होती आणि तीच आजवर सगळ्यात खरी ठरलीय. तुमची खूण वेगळी असेल. पेन्सिलच्या टकटकीचा त्रास ही कदाचित तुमची असेल, कारण तुमच्या नेहमीच्या डिप्रेशनमध्ये आवाज बोचतात असं तुम्ही लिहिलेलं नाही.

हा प्रकार नवा नाही. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म वायगांट यांनी १८९९ सालीच मिश्र अवस्थांबद्दल लिहून ठेवलंय. क्रेपेलिन यांचं म्हणणं असं की मनःस्थिती, विचारांचा वेग आणि कृतीची ओढ हे तीन वेगवेगळे धागे आहेत आणि ते एकाच वेळी एकाच दिशेला जातील असं नाही. तुमचं मन खाली आहे, विचार आणि हात वर आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचलं तेव्हा मला फार हायसं वाटलं होतं, कारण तोवर आपणच काहीतरी चमत्कारिक आहोत असं वाटायचं.

"सौम्य"बद्दल. डीएसएम म्हणजे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक. त्याच्या जुन्या चौथ्या आवृत्तीत, डीएसएम-४ मध्ये, मॅनिया आणि डिप्रेशन या दोन्हींचे पूर्ण निकष आठवडाभर जवळजवळ रोज भरले तरच मिश्र एपिसोड धरायचे. त्यात फार थोडे लोक बसायचे. २०१३ च्या डीएसएम-५ ने ते बदललं. आता मुख्य एपिसोड एका टोकाचा आणि त्यात दुसऱ्या टोकाची निदान तीन लक्षणं असली की "मिक्स्ड फीचर्स" असं जोडतात. पण चिडचिड, लक्ष विचलित होणं आणि शारीरिक अस्वस्थता ही तीन लक्षणं त्या मोजणीत धरत नाहीत, कारण ती दोन्ही टोकांना दिसतात. निदान पक्कं व्हावं म्हणून ते ठीक असेल, पण जो भोगतो त्याला तर नेमकी हीच तीन लक्षणं खात असतात. तेव्हा यादीत बसतंय का हे बघत बसू नका. मोजणीत न आलेली तगमगही डॉक्टरांना सांगायची असते. आणि सौम्य म्हणजे लक्षणं कमी, एवढाच अर्थ. "मी नसते तर बरं" हे दिवसातून बऱ्याचदा येतंय, ते मी सौम्य मानणार नाही.

आता काय करायचं ते. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: मूड कितीही खाली असो, आधी वेग उतरवायचा. मूड वर आणायच्या मागे लागायचं नाही, तो मागाहून येतो. हे पचवायला मला सगळ्यात जड गेलं, कारण दुःखी माणसाला शांत बसायला सांगणं क्रूर वाटतं.

मी काय करतो ते सांगतो. वेग ७ च्या वर दोन दिवस राहिला की संध्याकाळी सातनंतर घरातले मोठे दिवे बंद, एकच पिवळा मंद दिवा ठेवतो. पडदे अंधाराआधी ओढतो. नऊला फोन बहिणीच्या खोलीत. नॉर्वेत मॅनियाच्या रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, संध्याकाळी सहा ते सकाळी आठ निळा प्रकाश अडवणारे नारिंगी चश्मे घालायचे, आठवडाभर. मॅनिया लक्षणीय उतरला. तो अभ्यास मिश्र अवस्थेवर नव्हता आणि ते लोक औषधंही घेत होतेच, म्हणून तो गोळीच्या जागी धरू नका. मला अंधाराने फरक पडतो एवढं खरं. कॉफी पूर्ण बंद. दारू तर या आजारात नकोच, पण या दिवसांत तिची ओढ जास्त लागते, म्हणून मुद्दाम सांगतो.

रात्री जाग आली तर उठून काम काढायचं नाही. पडवत नसेल तर अंधारातच खुर्चीत बसायचं, पायावर पांघरूण घेऊन. पहिल्या दोन रात्री हे असह्य होतं. हात काहीतरी मागतात. मी हातात एक जाड दोरी घेऊन बसतो, गाठी मारतो आणि सोडतो. त्यातून काही पूर्ण होत नाही, म्हणूनच ते चालतं. कपाट लावायला घेतलं की ते पूर्ण करायचा हट्ट येतो आणि त्या हट्टाने वेग आणखी चढतो.

व्यायाम करतो, पण फक्त सकाळी आणि फक्त चालणं, दम लागेपर्यंत नाही. मेल लिहायचा आणि ड्राफ्टमध्ये ठेवायचा, दोन रात्री नीट झोप झाल्यावर पाठवायचा. "दोन दिवसांनी" असं म्हणत नाही मी, कारण न झोपता काढलेले दोन दिवस म्हणजे एकच लांबलेला दिवस. राजीनामा, मोठी खरेदी, नातं तोडणं, जुन्या भांडणाचा हिशोब, सगळ्याला हाच नियम.

दिवसाचे खुंट पक्के ठेवा. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी बायपोलरसाठी जी सोशल ऱ्हिदम थेरपी आखली, तिच्यात रोज पाच गोष्टींच्या वेळा नोंदवतात: अंथरुणातून उठलो कधी, पहिल्या माणसाशी बोललो कधी, काम सुरू कधी, रात्रीचं जेवण कधी, अंथरुणावर पडलो कधी. मी त्या पाच वेळा वहीच्या समासात लिहितो. एपिसोड चढताना पहिल्यांदा जेवणाची वेळ सरकते, मूड त्यानंतर. माझ्या चौदा वह्यांत असं सात वेळा दिसलंय.

डॉक्टरांशी बोलताना दोन गोष्टी विचारा. एक, अँटीडिप्रेसंटचं काय करायचं. मिश्र लक्षणं असताना ते बहुधा टाळतात किंवा काढतात, पण कसं आणि किती दिवसांत, हे त्यांनी ठरवायचं. दोन, इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी अलीकडे सुरू केली असेल तर ते नक्की सांगा, तिने लॅमोट्रिजिनची रक्तातली पातळी बरीच खाली येते. थायरॉइड तपासून बराच काळ झाला असेल तर तेही. मी लिथियमवर आहे, तीही मूड स्थिर ठेवणारी गोळी, माझी रक्तपातळी, किडनी आणि थायरॉइड ठरलेल्या वेळी बघतात. या दिवसांत डोकं फार दुखतं आणि हात आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळीकडे जातो, पण लिथियमवाल्यांनी ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, त्याने लिथियमची पातळी चढते. वाचणाऱ्यांत कुणी लिथियमवर असेल म्हणून लिहिलं.

---

दाराबाहेरचा:

मी नवरा आहे, आजार माझ्या बायकोला. अर्धी_झोप ताई, हे तुमच्या यजमानांना वाचायला द्या.

"तू तर सगळी कामं करतेयस" हे वाक्य मीही म्हटलंय, दोन वर्षं. मला वाटायचं मी धीर देतोय. तिला ऐकू यायचं की तुझं दुःख खोटं आहे. ती भांडी घासत रडायची आणि मला फक्त घासलेली भांडी दिसायची.

आता मी "कसं वाटतंय?" विचारत नाही, त्याचं उत्तर तिलाही देता येत नाही. "झोप किती? वेग किती?" एवढंच विचारतो. हा आकड्यांचा प्रकार आम्हीही करतो. "शांत हो" म्हणणं पूर्ण सोडलं. तिने आवाज चढवला तर मी माझा उतरवतो आणि वाद उद्यावर नेतो. मुलांना सांगून ठेवलंय की आईच्या अंगात आज वारं आहे, ती तुमच्यावर रागावलेली नाही. हे तुमच्या मुलीलाही सांगायला हवं. पेन्सिलबद्दल तिची माफी मागा, छोट्या शब्दांत, स्वतःला रडू न देता. मुलांना कारण कळलं नाही की ती स्वतःलाच कारण धरतात.

ती बरी असताना आम्ही एक कागद लिहिला, तिच्या अक्षरात. सलग दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप झाली तर मी डॉक्टरांना फोन करायचा, तिची परवानगी न विचारता. गोळ्यांचा साठा माझ्याकडे, तिच्या डबीत फक्त आठवड्याच्या. आणि मी रोज रात्री सरळ विचारायचं, मरणाचा विचार आला का. सुरुवातीला माझ्या तोंडून ते निघायचंच नाही, वाटायचं विचारल्याने डोक्यात भरेल. डॉक्टरांनी सांगितलं की विचारल्याने तो विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो. आमच्याकडे तसंच झालं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "किती दिवस वाट बघत होते कुणी विचारायची."

---

सकाळचा_गजर:

एक राहिलं. अँटिसायकॉटिक गटातली गोळी नव्याने सुरू झाली आणि पाय स्वस्थ राहीनात, बसलं की उठावं, उठलं की चालावं असं झालं, तर तो गोळीचा परिणामही असू शकतो, त्याला अकाथिजिया म्हणतात. तगमगीसारखाच दिसतो, पण उपाय वेगळा. मला एकदा झाला होता आणि आठवडाभर मी आजारच वाढला असं समजत बसले. अशी गोळी तुम्हाला मिळाली तर हे लक्षात असू द्या, असं झाल्यास लगेच कळवा.

---

अर्धी_झोप, बारा दिवसांनी:

सगळ्यांचं वाचलं, नवऱ्यानेही वाचलं. त्या रात्री त्याला सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून गोळ्यांचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवून आला.

सकाळी फोनवर तुम्ही दिलेलं वाक्यच वाचून दाखवलं. दुसऱ्याच दिवशी बोलावलं. डॉक्टरांनी एस्सिटालोप्रॅम उतरवत नेऊन बंद केलं आणि रात्रीसाठी क्वेटियापिन हे अँटिसायकॉटिक गटातलं औषध कमी डोसमध्ये दिलं. गर्भनिरोधक गोळी मी घेत नाही. थायरॉइडची तपासणी दीड वर्षात झाली नव्हती, ती केली, ठीक आली. पायांचा त्रास नाही, पण सकाळी साडेनऊपर्यंत डोकं बधिर असतं. ते शुक्रवारच्या भेटीत सांगणार आहे.

आकडे देते. पहिल्या दिवशी मूड ३, वेग ८, झोप साडेचार तास. काल मूड ४, वेग ४, झोप पावणेसात तास. मूड तेवढा हललेला नाही. पण हे दुःख आता माझ्या ओळखीचं आहे, त्यात पडून राहता येतं. "मी नसते तर" हा विचार गेल्या चार दिवसांत एकदाच आला, नवऱ्याने विचारलं तेव्हा सांगितला.

दोरी मला जमली नाही, गाठींचाही हट्ट धरला मी. अंधारात बसून मुलीचा जुना मोजा उलटसुलट करत राहते, ते जमतं.

मुलीची माफी मागितली. तिने विचारलं, "वारं गेलं का तुझं?" म्हटलं, जातंय. कपड्यांचा ढीग आम्ही दोघी मिळून लावतोय, संध्याकाळी एकच खण, साडेआठला थांबायचं, घडी अर्धी असली तरी. काल तिनेच घड्याळ दाखवून माझ्या हातातला कुर्ता काढून घेतला. दोन खण बाकी आहेत.